व्हेनिसचं पाणी: कधी दारात, कधी कालव्याच्या तळाला, आणि आपली तिथीची पाऊणपट

लॅगूनकाठी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज धागा काढतेय. निमित्त घरच्या ग्रुपवर पुन्हा फिरत आलेला एक फोटो. चिखलात बसलेला गोंडोला, मागे कोरडा कालवा आणि खाली 'व्हेनिस आटलं, भीषण दुष्काळ'. मावशीचा लगेच फोन, अगं तुम्हाला प्यायला पाणी मिळतंय ना. आता हा फोटो फेब्रुवारी २०२३ चा आहे आणि मी तेव्हा इथेच होते (मेस्त्रेत राहते, नोकरी व्हेनिसमध्ये, रोज पूल ओलांडून जाते), त्यामुळे म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

फोटो खरा आहे. त्या दिवसांत संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला आतले बारीक कालवे खरंच कोरडे दिसायचे, घरांच्या पायऱ्या शेवाळासकट उघड्या, होड्या एका कुशीवर कललेल्या, वास तर विचारूच नका. पण त्याच कालव्यात रात्री दहा-अकराला परत पाणी असायचं. दुष्काळात असं होत नाही ना. लॅगून म्हणजे व्हेनिसभोवतीचं उथळ खारं सरोवर, ते समुद्राला तीन ठिकाणी उघडं आहे, लिदो, मालामोक्को आणि किओज्जा, आणि समुद्र काही आटत नसतो. उत्तर इटलीत २०२२ मध्ये मोठा दुष्काळ पडला होता, पो नदीचं पात्र उघडं पडलं होतं हे खरं, त्यामुळे बातमीदारांनी दोन गोष्टी एकत्र जोडल्या आणि जगभर तेच छापून आलं.

मला जे म्हणायचंय ते असं की बाहेरच्यांना व्हेनिसचं पाणी चढलेलं माहीत असतं, उतरलेलं माहीत नसतं, आणि दोन्हींच्या मागे हिशेब एकच आहे. इथल्या लोकांना तो तोंडपाठ असतो. सकाळी दूध तापत ठेवायचं आणि मोबाईलवर नगरपालिकेच्या भरती केंद्राचा आकडा बघायचा, मग ठरवायचं बूट कुठले घालायचे. गेली कित्येक वर्षं मीही तेच करतेय. कुणाला विचारायचं असेल तर विचारा, मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगेन.

वरळीकर

छान धागा ताई. एक बेसिक शंका. आमच्याकडे पावसाळ्यात पेपरात येतं 'आज ४.६ मीटरची भरती, समुद्रकिनारी जाऊ नका'. तुमच्याकडे १ मीटर ८७ सेंटीमीटरला अख्खं शहर पाण्यात गेलं असं २०१९ मध्ये वाचलं होतं. ४.६ ला आमचं बरंचसं चालू राहतं आणि १.८७ ला व्हेनिस बुडतं, हे कसं काय?

लॅगूनकाठी

हा प्रश्न मलाही आल्याआल्या पडला होता. दोन्हीकडचा शून्य वेगळा आहे. मुंबईचा आकडा साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीपासून मोजतात, त्यामुळे तो मोठा दिसतो. इथला शून्य म्हणजे १८९७ साली जी सरासरी समुद्रपातळी धरली ती, पुंता देल्ला सालुते या ठिकाणच्या मोजपट्टीवरची. म्हणजे '११० आलंय' याचा अर्थ रस्त्यावर ११० सेंटीमीटर पाणी असा नाही. सान मार्को चौकाचा सखल भाग साधारण ८० च्या आसपास आहे, त्यामुळे ११० ला तिथे टाचेच्या वर, नडगीला लागेल एवढं पाणी असतं आणि शहराचा बाकी बहुतेक भाग कोरडा. ११० ला जेमतेम बारा टक्के शहर ओलं होतं. १४० ला मात्र निम्म्याहून जास्त. मधल्या ३० सेंटीमीटरात सगळा खेळ आहे, म्हणून इथे माणसं एकेका सेंटीमीटरवर बोलतात.

आणि खरी मेख पुढे आहे. १८९७ चा शून्य आता शून्य राहिलेला नाही. आजची सरासरी पातळी त्याच्या ३० सेंटीमीटर आणि वर आहे. थोडा समुद्र चढला, थोडी जमीन खचली. पलीकडे मारगेरात कारखाने आले त्यांनी भूजल उपसलं, ते सत्तरच्या दशकात थांबवलं पण खचलेली जमीन काही परत वर येत नाही.

खाडीकर

ताई, वाचून फार बरं वाटलं. आम्ही दाभोळ खाडीवरचे. आमच्या आजोबांच्या हातात कधी भरतीचं कोष्टक नव्हतं, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीनला भरती. अष्टमीला सहाला. पंधरावी तिथी म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या, सव्वाअकरा. सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे पाणी कमी हलणारे दिवस.

तुम्ही वर लिहिलंत की ओहोटी संध्याकाळी चार-पाचला आणि पाणी रात्री दहा-अकराला. मी पंचांग काढून बघितलं. १८ फेब्रुवारी २०२३ ला महाशिवरात्र होती, २० ला अमावास्या. म्हणजे ऐन उधाणाचे दिवस. सव्वाअकरात सहा मिळवले की सव्वापाच. तुमची वेळ आमच्या आजोबांच्या हिशेबात अगदी जवळ बसतेय की हो! त्यांनी व्हेनिसचं नाव तरी ऐकलं असेल का देव जाणे.

लॅगूनकाठी

खाडीकर काका, अंगावर काटा आला वाचून. आता तुम्हाला एक सांगते. १२ नोव्हेंबर २०१९, ज्या रात्री पाणी १८७ ला गेलं, ती कार्तिकी पौर्णिमा होती. त्रिपुरारी पौर्णिमा. मला आठवतंय कारण मी सकाळी खिडकीत एक पणती लावून निघाले होते, संध्याकाळी आल्यावर अजून लावू म्हणून. सर्वोच्च पाणी किती वाजता आलं माहितीये? रात्री १० वाजून ५० मिनिटांनी. तुमचा सव्वाअकराचा हिशेब, पंचवीस मिनिटांचा फरक.

मुक्ता

बापरे!! ताई त्या रात्री तुम्ही शहरात होतात का? लिहा ना प्लीज.

लॅगूनकाठी

होते. संध्याकाळचा अंदाज १४० ते १४५ असा होता, म्हणजे वाईट पण सवयीतला. सायरन झाला. इथे आधी लांब भोंगा वाजतो आणि मग सूर येतो, एक सूर म्हणजे ११०, दोन १२०, तीन १३०, चार म्हणजे १४० किंवा त्याहून वर. चार सूर वाजले. आम्ही कामाच्या ठिकाणी खालच्या मजल्यावरचं सामान टेबलांवर चढवलं, दाराला पत्र्याची फळी बसवली आणि मी एका सहकारी बाईंच्या घरी वर दुसऱ्या मजल्यावर थांबले, म्हटलं अकरानंतर उतरेल मग जाऊ.

साडेनऊच्या पुढे वारा एकदम बदलला. तोवर शिरोक्को होता, आग्नेयेकडचा, दमट आणि एकसारखा. मग असा वारा सुटला की खिडकीची झडप हातात धरवेना. नंतर कळलं की एक छोटं वादळ थेट लॅगूनवरून गेलं, ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा, आणि त्याने लॅगूनमधलंच पाणी शहरावर ढकललं. खाली गल्लीत पाणी चालत नव्हतं, धावत होतं. कचऱ्याच्या पिशव्या, खुर्च्या, कुणाच्या तरी दुकानाची फळी, आणि वर पौर्णिमेचा चंद्र ढगाआडून मधूनच. वीज गेली. त्या बाई सत्तरीच्या, त्या म्हणाल्या असा आवाज मी सहासष्टच्या पुरानंतर ऐकला नाही. सहासष्टला त्या शाळकरी मुलगी होत्या.

सकाळी बघितलं तर वापोरेत्तो, म्हणजे आपल्या बससारख्या मोठ्या बोटी, चक्क काठावर चढून बसल्या होत्या. क्वेरिनी स्ताम्पालिया वाचनालयाची भिजलेली पुस्तकं, संगीत विद्यालयातले कागद, सगळं कॉलेजची मुलं रबरी बूट घालून साखळी करून बाहेर काढत होती, पानांमध्ये शोषकागद घालत होती. मीही दोन दिवस गेले. ओल्या कागदाला एक वास असतो, शाळेच्या पहिल्या पावसात दप्तर भिजल्यावर येतो तसाच. तो आला आणि मी तिथेच उभी राहून रडले.

आणि ते एका दिवसात संपलंच नाही. १३ ला सकाळी १४४, १५ ला १५४, १७ ला १५०. एकाच आठवड्यात चार वेळा १४० च्या वर. पणती तशीच राहिली खिडकीत.

मुक्ता

😢 वाचूनच गलबलून आलं.

सिव्हिलवाला

धागालेखिका ताईंनी वारा आणला तर त्यावर थोडं लिहितो, मी बंदरांच्या कामात आहे. पाण्याचा आकडा हा बेरीज-वजाबाकीचा असतो. व्हेनिसपुरतं ढोबळ मांडतो.

आजची सरासरी पातळी जुन्या शून्याच्या वर ३० धरू. उधाणाच्या भरतीचे ५० मिळवा, ८० झाले. म्हणजे वारा नाही पाऊस नाही, नुसत्या चंद्रसूर्यावर सान मार्कोचा सखल भाग ओला व्हायला सुरुवात. आता हवेचा दाब. दाब १ हेक्टोपास्कल कमी झाला की पाणी साधारण १ सेंटीमीटर वर येतं. वादळात दाब २० ने पडला तर १००. त्यात शिरोक्को. एड्रियाटिक हा समुद्र म्हणजे ८०० किलोमीटर लांब अरुंद ताट आहे, दक्षिणेचं टोक उघडं, उत्तरेला बंद आणि उथळ, आणि व्हेनिस त्या बंद टोकाला. शिरोक्को नेमका लांबीच्या दिशेने वाहतो, पाणी कोपऱ्यात जाऊन साचतं. त्याचे ४०-५० सहज. झाले १४०-१५०.

आता ओहोटी करा. ३० मधून ६० वजा, उणे ३०. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर इटलीवर जास्त दाबाची हवा आठवडेच्या आठवडे बसून राहते, दाब २० ने जास्त म्हणजे अजून २० वजा, उणे ५०. वरून वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर उणे ६० च्या आसपास. तुमचा २०२३ चा फोटो झाला. एकच सूत्र, चिन्हं उलटी.

अजून एक प्रकार आहे जो मला फार आवडतो. परातीत पाणी घेऊन चालताना एकदा हिंदकळलं की थांबल्यावरही इकडून तिकडे हलत राहतं ना, तसा अख्खा एड्रियाटिक हलतो. एक फेरी सुमारे २२ तासांची. त्यामुळे वादळ गेलं, वारा पडला, ऊन पडलं आणि दुसऱ्या दिवशी परत पाणी चढलं असं होतं. ताईंच्या १३ तारखेच्या सकाळच्या १४४ मध्ये आदल्या रात्रीचा उरलेला झोकाही असणार.

खाडीकर

सिव्हिलवाले साहेब, परातीचा दाखला झकास.

पण मग माझ्या मनात आलं, नुसती तिथी बघून भागत नसणार. म्हणून मोठे आकडे आणि पंचांग शेजारी ठेवून बसलो काल रात्री. सगळ्यात मोठं पाणी ४ नोव्हेंबर १९६६, १९४ सेंटीमीटर. आणि १२ नोव्हेंबर १९६६ ला सूर्यग्रहण झालं होतं, म्हणजे अमावास्या १२ ला. मग ४ तारीख कुठे आली? वद्य सप्तमीच्या आसपास. भांगाचे दिवस हो! मी दोनदा तपासलं. ज्या दिवशी चंद्राच्या हिशेबाने पाणी कमीत कमी हलायला हवं त्या दिवशी १९४.

२९ ऑक्टोबर २०१८, १५६. कोजागिरी होऊन पाच दिवस झालेले. उधाण ओसरलेलं.

लॅगूनकाठी

काका, १९६६ बद्दल इथले जुने लोक हेच सांगतात. त्या दिवशी भरती आली, मग ओहोटीची वेळ झाली आणि पाणी उतरलंच नाही. शिरोक्कोने बाहेर जाऊच दिलं नाही. त्यावर पुढची भरती चढली. पेलेस्त्रीना बेटावर अठराव्या शतकात बांधलेल्या दगडी समुद्रभिंती आहेत, मुराझ्झी म्हणतात, त्या फुटल्या. शहर दिवसभर पाण्यात, वीज नाही, घरोघरी तापवायला साठवलेलं तेल पाण्यावर पसरलेलं. भिंतींवर त्या तेलाची रेघ कितीतरी वर्षं होती म्हणे.

तुम्ही शोधलंत ते खरं असेल (आणि आहेच) तर विचार करा, तेच वादळ आठ दिवसांनी, अमावास्येच्या भरतीवर बसून आलं असतं तर?

सिव्हिलवाला

हो, २०० च्या वर बहुधा गेलं असतं. वादळ आणि उधाण एकत्र येणं हा योगायोगाचा भाग आहे आणि १९६६ ला तो अर्धाच जमला होता. २०१९ ला जमला.

शंकासुर

चर्चा चांगली चालू आहे पण लॅगूनच्या तीन तोंडांशी समुद्राचं पाणी अडवायला बसवलेल्या त्या दरवाज्यांचं काय? मोझे की काय ते. २००३ ला काम सुरू, सतरा वर्षं लागली, साडेपाच-सहा अब्ज युरो गेले, २०१४ मध्ये त्याच प्रकल्पाच्या भ्रष्टाचारात मोठमोठ्या लोकांना अटका झाल्या. आणि २०१९ मध्ये ताईंनी लिहिलं तेव्हा दरवाजे समुद्राच्या तळाशी तसेच पडून. लोकांनी दोन दिवस पुस्तकं उचलली त्याला जबाबदार कोण? मला राग याचा येतो की पाणी येणार हे १९६६ पासून माहीत होतं.

लॅगूनकाठी

तुमचा राग इथल्या प्रत्येक माणसाच्या मनात आहे, त्या रात्री तर फारच होता. पण मी दुसरी बाजूही बघितली आहे म्हणून लिहिते. ३ ऑक्टोबर २०२० ला पहिल्यांदा खऱ्या भरतीत सगळे ७८ दरवाजे वर केले. बाहेर समुद्र १३० च्या घरात आणि शहरात ७० च्या आसपास. आम्ही सान मार्कोत उभे होतो, लोक बूट घालून आले होते सवयीने, आणि चौक कोरडा. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, माणसं नुसती खाली फरशीकडे बघत होती. एक म्हातारे गृहस्थ चौकातल्या पाणी वर येतं त्या जाळीपाशी वाकून बघत होते, पाणी येतंय का. आलंच नाही.

मग २२ नोव्हेंबर २०२२. बाहेर १७३, म्हणजे इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या पाण्यांपैकी एक, आणि शहरात साठ-पासष्ट. दरवाजे नसते तर ती सकाळ २०१९ सारखीच झाली असती. आम्ही ऑफिसात नेहमीसारखे गेलो. त्या दिवशी कुणी काही विशेष बोललं नाही, हेच विशेष.

मुक्ता

हे दरवाजे नक्की कसे चालतात कोणी सोप्या भाषेत सांगाल का?

सिव्हिलवाला

पोलादी पोकळ पेट्या समजा, प्रत्येक २० मीटर रुंद, एका कडेला बिजागरी. एरवी त्यांच्यात पाणी भरलेलं असतं आणि त्या तळाला काँक्रीटच्या घरात आडव्या झोपलेल्या असतात, वरून जहाज गेलं तरी पत्ता लागत नाही. पाणी चढणार असं कळलं की आत दाबाने हवा भरतात, पाणी बाहेर पडतं, पेटी हलकी होऊन बिजागरीवर वर उठते. पिवळ्या रंगाची रांग पाण्यातून डोकं वर काढते. लिदोला दोन रांगा, २१ आणि २०, मालामोक्कोला १९, किओज्जाला १८. उठायला साधारण अर्धा तास.

गंमत म्हणजे दोन पेट्यांमध्ये फट असते, थोडं पाणी झिरपतं. लॅगून ५५० चौरस किलोमीटरचं आहे, त्यात तेवढ्याने काही बिघडत नाही.

वरळीकर

मग फेब्रुवारीत उलटं का नाही करत? भरतीला पाणी आत आलं की दरवाजे लावायचे, कालवे भरलेले राहतील, गोंडोला रुतणार नाहीत.

सिव्हिलवाला

दरवाजे बाहेरचं चढलेलं पाणी अडवायला घडवलेत, आतलं धरून ठेवायला नाही. आणि दरवाजे वर असले की बंदरातली जहाजांची ये-जा अडते, ते आठवडाभर परवडणार नाही. शिवाय ताई सांगतील, ओहोटी तिथे हवीच असते.

लॅगूनकाठी

हो, अगदी हवी असते. जुन्या व्हेनिसमध्ये आपल्यासारखी पूर्ण गटारव्यवस्था नाही. घरांचं सांडपाणी जुन्या नळ्यांमधून कालव्यात जातं आणि दिवसातून दोनदा भरती-ओहोटी ते धुऊन समुद्रात नेते. हजार वर्षं शहर असंच स्वच्छ राहिलंय. पाणी कोंडलं तर आठवड्यात काय होईल याचा विचारच नको.

आणि ओहोटीचे दिवस इथे नवीन नाहीत. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हे खालच्या पाण्याचे दिवस, व्हेनेशियन बोलीत त्याला मारांतेगाचं सुकणं म्हणतात. मारांतेगा म्हणजे ६ जानेवारीच्या सणाला झाडूवर बसून येणारी म्हातारी, मुलांना खाऊ देणारी. आपल्याकडे कसं नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होतो म्हणतात, तसं यांच्याकडे म्हातारी येताना पाणी घेऊन जाते. २०२३ ला वेगळं काय होतं तर ते फार दिवस टिकलं. जास्त दाबाची हवा हललीच नाही.

त्रास खरा होता. अँब्युलन्स इथे बोटच असते, ती आतल्या कालव्यात शिरेना, मग स्ट्रेचर हातात घेऊन पूल चढत जायचं. आमच्या ऑफिसच्या गल्लीतल्या एका आजोबांना असंच नेलं, चार पूल. ते बरे होऊन आले म्हणून आता सांगता येतंय. खालच्या पाण्यात अजून एक दिसतं, एरवी झाकलेलं असतं ते, पाया. इस्ट्रियाहून आणलेला पांढरा दगड, जो पाणी शोषत नाही, त्याच्यावर विटा. जुन्या बांधणाऱ्यांनी दगड अशा उंचीपर्यंत लावला की भरतीचं पाणी विटेला लागू नये. आता पाणी रोज त्या दगडाच्या वर जातं, खारं पाणी विटेत चढतं, मीठ फुगतं आणि वीट पिठासारखी सुटते. हे मी माझ्या हाताने खरवडून बघितलंय.

कानालेत्तोची चित्रं आहेत ना अठराव्या शतकातली, त्याने कॅमेरा ऑब्स्क्युरा (समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पाडणारी पेटी) वापरून वाड्यांवरची हिरव्या शेवाळाची रेघसुद्धा बरोब्बर काढली होती. शास्त्रज्ञांनी ती चित्रातली रेघ आणि आजची रेघ मोजून ताडून बघितली. साठ सेंटीमीटरच्या वर फरक आला. मोजपट्टी बसायच्या आधीची पातळी एका चित्रकाराने लिहून ठेवली, हे मला कुठल्याही यंत्रापेक्षा मोठं वाटतं.

खाडीकर

चित्रावरून समुद्र मोजला! वा. ही गोष्ट मी नातवाला सांगणार.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे खाजणं आहेत, उधाणाचं पाणी त्यात पसरतं, गाळ सोडून जातं, गावाला धक्का लागत नाही. बांध घालून खाजण तोडलं की पाणी दुसरीकडे घुसतं, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या लॅगूनला खाजण आहे का?

लॅगूनकाठी

आहे! बारेने म्हणतात. अगदी तुमच्या वर्णनासारखी, खारी गवतं, भरतीत बुडणारी, बगळे. मी खाजणच म्हणते मनात. पूर्वी खूप होती, आता फार थोडी उरलीत. मोठ्या जहाजांसाठी मालामोक्कोपासून मारगेरापर्यंत सरळ खोल खणलेला मार्ग आहे, त्यातून ओहोटीबरोबर गाळ बाहेर जातो तो जातोच. नद्या तर जुन्या व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने फार पूर्वीच वळवल्या, ब्रेंता, पियावे, लॅगून गाळाने भरून जाऊ नये म्हणून. तेव्हा भीती भरण्याची होती, आता धुपण्याची आहे.

शंकासुर

आणि हाच माझा दुसरा मुद्दा. वादळातलं पाणी खाजणावर गाळ टाकतं, बरोबर? दरवाजे लावले की वादळातलं पाणीच आत येत नाही. म्हणजे शहर वाचतंय आणि खाजण उपाशी.

सिव्हिलवाला

मुद्दा बरोबर आहे, त्यावर अभ्यासही झालेत आणि निष्कर्ष तसेच आहेत. दरवाजे लावायचा आकडा ११० आहे. समुद्र अजून ३० सेंटीमीटर चढला तर आज जी भरती ८० ची आहे ती ११० ची होईल, म्हणजे प्रत्येक उधाणाला दरवाजे. मग बंदर कसं चालणार, सांडपाणी कसं धुतलं जाणार. डिझाइन झालं तेव्हा वर्षातून मोजक्या वेळा लावावे लागतील असं धरलं होतं, आत्ताच ते कितीतरी जास्त वेळा लागतात.

लॅगूनकाठी

शंकासुर, तुमच्या या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि इथे कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. मला दोन्ही हवंय. कोरडा चौकही हवाय आणि खाजणातले बगळेही.

आणि अंदाज हा वेगळाच ताप. ८ डिसेंबर २०२० घ्या. तेव्हा चाचणीचा काळ होता, १३० च्या वरचा अंदाज असेल तरच दरवाजे लावायचे असं ठरलेलं. अंदाज त्याच्या खाली होता. नाही लावले. वारा बदलला, पाणी १३८ ला गेलं. दरवाजे तयार असताना चौक बुडला. काका, तिथी बघाल का त्या दिवसाची?

खाडीकर

बघितली. त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा ३० नोव्हेंबरला. म्हणजे ८ डिसेंबर ही अष्टमी. भांग! परत भांग. चंद्राने काहीच सांगितलं नव्हतं, सगळं वाऱ्याने केलं.

आमचे आजोबा तिथी सांगून झाली की बाहेर अंगणात जाऊन तोंड वर करून उभे राहायचे थोडा वेळ. लहानपणी वाटायचं देवाला हात जोडतायत. आता कळलं, वारा बघत होते.

मुक्ता

काका 🙏

ताई मी आईला घेऊन येत्या नोव्हेंबरात येतेय, तिचे गुडघे दुखतात. येऊ का नको? बूट इथून घेऊन येऊ का?

लॅगूनकाठी

अगं जरूर ये. दरवाजे चालू आहेत त्यामुळे ११० च्या वरच्या पाण्याची धास्ती आता फारशी नाही. ८० ते ११० मधलं पाणी मात्र सान मार्कोत येऊ शकतं, बासिलिकाभोवती २०२२ मध्ये काचेची भिंत घातली आहे त्यामुळे चर्च कोरडं राहतं, चौकात थोडं पाणी असेल. तेव्हा लाकडी फळ्यांचे उंच रस्ते मांडतात, आईचा हात धरून त्यावरून आरामात जाता येईल, फक्त मधेच उभं राहून फोटो काढू नका, मागे रांग खोळंबते आणि लोक कामाला निघालेले असतात. बूट आणू नकोस, दोनशे ग्रॅम चिवडा जास्त आण.

हॉटेल शक्यतो जमिनीलगतच्या मजल्यावर घेऊ नकोस. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी दहा-अकराला सान मार्को टाळ, बाकी शहर तेव्हा सुंदर असतं. संध्याकाळी ओहोटीला कालव्याच्या पायऱ्यांवर आईला उतरू देऊ नकोस, शेवाळ भयंकर निसरडं असतं. मी त्या पायऱ्यांवर एकदा पडले आहे, मनगट अजून थंडीत दुखतं.

वरळीकर

ताई एक शेवटचं. मुंबईची भरतीची नोंदही जुनी आहे, अपोलो बंदरला १८७८ पासून. तुमच्याकडची कधीपासून?

लॅगूनकाठी

१८७२ पासून. सहा वर्षं आधी. म्हणजे दोन्ही शहरं जवळजवळ एकाच काळात समुद्राचं वजन-उंची लिहायला लागली म्हणायची!

काका, तुमच्यामुळे आमच्या घरी एक नवीन काम सुरू झालंय. स्वयंपाकघरात आईने पाठवलेलं कालनिर्णय लटकलेलं आहे. लेक रोज शाळेत जायच्या आधी तिथीची पाऊणपट करते, भरतीची वेळ पेन्सिलीने लिहिते, आणि रात्री ॲपवरची खरी वेळ आणि आकडा लाल पेनने त्याच चौकोनात. तिसरी गोष्ट तिने स्वतःच्या मनाने वाढवली, शेजारी एक बाण काढते, खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे कुठल्या दिशेला उडतायत त्याचा. काल त्रयोदशी होती. पेन्सिल पावणेदहा, लाल पेन दहा वाजून पाच, आकडा ७४, बाण आग्नेयेकडून.